पुंडलिकाची शाडूची होडी

हमरापुरात पुंडलिक मोकलांचं घर कुठलं, असं विचारा. जुनी माणसं उलट विचारतील, "कोण, होडीवाला?" खरं तर पुंडलिकानं जन्मभर गणपती केले. होडी केली ती एकच. पण नावाचं असंच असतं. माणूस रोज पोटभर जेवतो त्याचं कुणी नाव काढत नाही, एकदा ताटावरून उठून गेला की लोक ते तीस वर्षं सांगतात.

पुंडलिकाचा हात फटी भरण्यात होता. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा काही देव दिसत नाही. पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, मधे बोटभर फट. काखेत भेग, सोंडेखाली भेग. ती भरायची, आणि भरली हे कुणाला कळू द्यायचं नाही. पुंडलिक शाडू वस्त्रगाळ करून घ्यायचा, त्यात पिंजलेला कापूस मळायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि वरून ओला कुंचला असा फिरवायचा की खुद्द साचेवाल्याला जोड सापडू नये. आजूबाजूच्या कारखान्यांतूनसुद्धा तडकलेल्या मूर्ती त्याच्याकडं यायच्या. "पुंडलिका, एवढी भेग बघ रं." आणि पुंडलिक बघायचा. दुसरा हात डोळ्यांत. आखणी शेवटी करायची, सगळं रंगकाम झाल्यावर, आणि त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकायचंही नाही, असा त्याचा दंडक होता.

त्याची धाकटी बहीण सगुणा खाडीपल्याड पैलवाडीत दिलेली. ती मिठागरावरची माणसं. लग्नात पुंडलिकाच्या बापानं व्याह्यांना शब्द दिला होता, की पोरीच्या घरचा गणपती दर साली माहेरून येईल, आमच्या हातचा. बाप गेला, शब्द पुंडलिकाकडं आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती मांडीवर घेऊन तो तरीत, म्हणजे खाडी उतरवणाऱ्या नावेत, बसायचा, शिवा तांडेल पलीकडं सोडायचा, आणि काठावर सगुणा आरती घेऊन उभी असायची. मूर्ती पाटावर बसली की भाऊबहीण संध्याकाळपर्यंत बोलत बसत. इतर वेळी दोघांनाही सवड कुठली? ह्याचे गणपती नि शेती, तिचं मीठ.

मग शिवा तांडेल वारला. त्याचे मुलगे रोह्याकडं कंपनीत लागले, शिफ्टमधे जायला लागले, आणि नाव काठावर उलटी पडली ती पडलीच. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास, पुंडलिक गणपती घेऊन एसटीनं निघाला. हमरस्त्यापासून पैलवाडी म्हणजे खारबांधावरून पायी वाट. एका अंगाला भातखाचर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि भादव्यातला बांध म्हणजे लोण्याचा गोळा. अर्ध्या वाटेत पाय सरकला. पुंडलिकाला खरचटलंही नाही, पण गणपतीचा आशीर्वादाचा हात मनगटातून गेला.

भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. दुसरी आणायला वेळ नव्हता. सगुणानं पाटावर तांदूळ पसरून त्यावर सुपारी मांडली आणि सुपारीचाच गणपती केला. बोलली तिची सासू, बायजा. बायजाबाईला बोलायला कुणी लागत नसे, चुलीशीही बोलायची.

"पुढल्या साली पेणच्या बाजारातनं आणू गो सगुने," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "भावाला कशाला दर साली वनवास? देव काय, बाजारातला पण देवच."

पुंडलिकानं मान खाली घालून सुपारीला नमस्कार केला आणि बांधावरून परत आला. बाजारातला गणपती एकदा घरात आला की माहेरचा कायमचा तुटला, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. बापाचा शब्द आपल्या हयातीत मोडणार, आणि तोही खाडी आडवी आली म्हणून? खाडी तर पहिल्यापासूनच होती!

दिवाळीनंतर त्यानं बायकोला सांगितलं, "होडी करतो."

काशीबाई भात पाखडत होती. सूप थांबलं. "कसली?"

"लाकडाची. छोटी. दोन माणसं नि एक गणपती मावंल एवढी."

"अवो, त्यापरीस सावकाश जावा की बांधावरनं."

"सावकाशच गेलतो."

काशीबाईनं सूप जोरात आपटलं.

रोह्याजवळ वरसे गावात दत्तात्रेय सुतार राहायचा. त्याच्या घरचा गणपती पुंडलिकाच्या कारखान्यातला, तेवढी ओळख. हा माणूस कुंडलिकेवर मासे धरणाऱ्यांना छोट्या होड्या करून द्यायचा. पुंडलिक त्याच्याकडं जाऊन बसला, दोघांनी रोह्याच्या वखारीतून आंब्याच्या फळ्या निवडल्या आणि एसटीच्या टपावर चढवल्या. कंडक्टर म्हणाला, "मामा, तुम्ही टपावर बसा नि फळ्यांना आत बसवा. त्यांचंच भाडं जास्त हाय."

अक्षय तृतीयेनंतर दत्तात्रेय हमरापुरात येऊन राहिला. होडीला जागा कुठं? कारखान्याच्या मांडवातच. एका बाजूला कच्च्या गणपतींच्या रांगा, मधे होडीचा सांगाडा. बाभळीच्या जन्मजात वाकड्या फांद्या शोधून त्यानं बरगड्या बसवल्या, त्यांवर फळ्या ठोकल्या. गणपती सांगायला आलेली गिऱ्हाइकं होडीकडं बघून विचारायची, "हा कुठल्या मंडळाचा?" काशीबाई सांगायची, "आमच्या ह्यांच्या डोक्यातला."

होडीनं अंग धरलं आणि वरशाहून निरोप आला. दत्तात्रेयाच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, मांडव घालायला माणूस हवा होता. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, होडीभोवती एक चक्कर मारली, फळ्यांच्या जोडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काम झालंय. आता फटी तेवढ्या नीट भर. तुला त्यात काय सांगायचं! तुझा तर हात आहे."

"ते माझ्यावर सोड," पुंडलिक म्हणाला.

आणि इथंच सगळं घडलं. रोह्याच्या काठावर फटी भर म्हटलं की काय भरायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हमरापुरात फट भर म्हटलं की काय भरायचं हे सुद्धा शेंबड्या पोराला ठाऊक. दत्तात्रेयानं सांगितलं नाही, पुंडलिकानं विचारलं नाही. दोघांच्याही मनात शंका आली नाही, कारण दोघंही आपापल्या कामात पक्के होते.

पुंडलिकानं वस्त्रगाळ शाडू काढली. कापूस मळला. होडीला तो अशा प्रेमानं बसला की मूर्तींचं काम मागं पडायला लागलं. एकेक जोड अंगठ्यानं दाबून भरला, कुंचला फिरवला, वाळल्यावर काचकागद मारला. वरून तेलरंगाचे हात दिले: खालून पितांबराचा पिवळा उरला होता तो, वर शेल्याचा तांबडा, कडेला सोनेरी रेघ. लोक बघायला यायचे. फळी कुठं संपते नि कुठं सुरू होते, कळायचं नाही. हैबतराव म्हणून शेजारचा एक शेतकरी होता, तोंडानं फाटका. त्यानंसुद्धा होडीवरून हात फिरवून सांगितलं, "हिला जोडच नाय. एका झाडातनं कोरल्यावाणी."

शेवटी पुंडलिकानं पुढच्या टोकाला दोन बाजूंनी दोन डोळे आखले. त्याच्या कारखान्यातून बिनडोळ्यांचं काही कधी बाहेर गेलं नव्हतं. काशीबाई म्हणालीसुद्धा, "होडीला कशाला डोळे?"

"वाट बघायला," तो म्हणाला.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची ठरली. खाडीला नारळ सोडायला सगळा गाव काठावर असतोच. पलीकडं पैलवाडीची माणसंही जमली होती, त्यांत सगुणाचं हिरवं लुगडं इकडून ओळखू यायचं. होडी बैलगाडीवरून आणली. काशीबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पुंडलिक वल्हं घेऊन बसला आणि पोरांनी ढकलली. होडी तरंगली. काय सुरेख तरंगली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकानं दोनचार हात मारले आणि मागं वळून काशीबाईकडं असं बघितलं, की त्या बघण्याची आठवण तिनं पुढं त्याला जन्मभर दिली.

खाडीच्या मध्याच्या थोडं पुढं गेल्यावर त्याला पायाशी गार लागलं. बघतो तर पाणी. पाणी साधं नाही, दुधासारखं पांढरं. तेलरंगाला आधी फोड आले, मग साली सुटल्या, आणि जोडांतून शाडू सुटका झाल्यागत भसाभसा निघाली. होडीभोवती पांढरा ढग पसरला. विसर्जनाच्या दिवशी घाटाखाली पसरतो, अगदी तसाच. काठावर आधी कुणाला काही कळेना. मग हैबतरावाला कळलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि गर्जना केली, "गणपती बाप्पा मोरया! पुढल्या वर्षी लवकर या!"

गाव हसून लोळला. काशीबाई हसली नाही. ती काठाला बसली आणि म्हणाली, "डोळे आखलं तवाच मला कळलं व्हतं."

लाकडाची होडी तळाला जात नाही. ती कडेपर्यंत पाण्याखाली गेली आणि राहिली. पुंडलिक तिला धरून पोहत राहिला, पाण्याची ओढ पैलवाडीकडं होती, ती दोघांना घेऊन गेली. गुणाजीनं, म्हणजे सगुणाच्या नवऱ्यानं, कमरेएवढ्या चिखलात शिरून दोघांना तिवरांच्या झुडपांतून ओढून काढलं. आधी मेव्हणा, मग होडी.

बायजाबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. "गणपती नाय आला," ती म्हणाली, "पण मामा आला वाहत."

सगुणानं भावाच्या अंगावर घोंगडी टाकली आणि होडीपाशी बसली. नखानं जोड खरवडला. बोटावर आलेलं पांढरं ओलं दाबून बघितलं. हमरापूरचीच मुलगी ती, तिला दुरूनसुद्धा कळलं असतं.

"दादूस," ती हळूच म्हणाली, "ही शाडू हाय."

"मग काय भरणार?"

"आरं, शाडू पाण्यात विरघळावी म्हणूनच ना आपण…" आणि मग तिला हसू आवरेना. पदर तोंडाशी नेऊन ती इतकी हसली, की शेवटी पुंडलिकही हसला. चिखलानं माखलेला, दाढीतून पाणी गळतंय, आणि हसतोय. बायजाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"हसा," ती म्हणाली. "चतुर्थी दाराशी आली नि हे हसतायत. गुणाजी, पेणला कवा जातोस? गणपती सांगून ये बाजारात."

हसणं तिथंच थांबलं. पुंडलिक उठला आणि म्हातारीसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, आदल्या दिवसापर्यंत थांबा. नाय आलो तर बाजारातला बसवा. मग पुन्हा नाव नाय काढणार."

"कशात बसून येशील? डब्यात?"

"होडीतनंच येईन."

बायजाबाईनं लुगड्याचा काचा खोचला आणि होडीला एक प्रदक्षिणा घातली. एकदा पाठीवर थाप मारल्यासारखी फळीवर थाप मारली. बरगड्या हलवून बघितल्या. "लाकूड चांगलं हाय," ती कुरकुरत म्हणाली. "सुतार शहाणा व्हता. माझा बाप तरीवर तांडेल व्हता, ठाव हाय का तुला? दर साली फटी आम्ही पोरीच भरायचो. सगुने, ते जुनं कापसाचं सूत काढ माळ्यावरनं. नि राळ आणाया सांग."

राळ करंजेलात कढवायची, सुताची वेणी त्यात भिजवायची आणि बोथट छिन्नीनं फटीत ठोकून बसवायची. वरून पुन्हा राळ. दिसायला ओबडधोबड, काळपट, प्रत्येक जोड बोंबलून सांगतो मी इथं आहे म्हणून. पुंडलिकानं पहिली वेणी स्वतः ठोकली आणि सवयीनं वरून अंगठा फिरवून गुळगुळीत करायला गेला. म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"देव नाय करायचा. होडी करायची हाय."

"आणि मग?"

"मग दोन भरत्या पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी आपल्याआप आवळतात. बुडवायचं काम तू आधीच केलंस, ते बेस केलंस."

पुंडलिकाला थांबता येत नव्हतं. कारखान्यात मूर्ती रंगाची वाट पाहत उभ्या होत्या. तो बांधावरून आणि एसटीनं घरी गेला, आणि मागं सासूसुनांनी होडी भरली. दोघींचं त्या निमित्तानं जेवढं बोलणं झालं तेवढं लग्नापासून झालं नव्हतं, असं गुणाजी सांगायचा. पण त्यात भांडण किती नि बोलणं किती, हे त्यानं सांगितलं नाही.

आठवड्यानं गुणाजीनं होडी वल्हवत हमरापूरच्या काठाला आणून लावली. आता घरात वाद पेटला. काशीबाईचं म्हणणं, शाडूबिडू काही नाही, दोष डोळ्यांचा.

"आखणी केली म्हंजे प्राण आला. प्राण आला म्हंजे विसर्जन आलंच. तुमच्या हातनं डोळे आखलेलं एक तरी कधी पाण्यावर तरंगलंय का? दाखवा मला एक."

पुंडलिक विचार करत राहिला. दाखवायला खरंच एक नव्हतं. बापाच्या हातचं नाही, त्याच्या हातचं नाही. त्या कारखान्यातून निघालेली प्रत्येक वस्तू पाण्यात जायलाच निघाली होती. त्यानं काचेचा तुकडा घेतला आणि दोन्ही डोळे खरवडून काढले. आपल्याच हातची आखणी पुसताना त्याला जड गेलं, हे काशीबाईला दिसलं. तिनं त्या दिवशी न मागता चहा दिला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. भरतीची वेळ बघून पुंडलिक मूर्ती घेऊन काठावर आला. मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधलेला. आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं, की वल्हवायचं तर मूर्ती धरायची कुणी? शिवाच्या तरीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. जन्मात होडीत पाय न ठेवलेल्या काशीबाईनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि आत चढून मांडी घालून बसली. "द्या इकडं," ती म्हणाली. "नि बोलू नका माझ्याशी."

हैबतराव आलाच होता. गेल्या खेपेची शरम असेल नाहीतर नसेल, पण ह्या वेळी त्यानं आधी विचारलं, "पुंडलिका, मोरया म्हणू काय रं?"

"पोचल्यावर म्हण."

होडी निघाली. काळ्या जोडांची, डोळे खरवडलेली, पिवळा रंग जागोजाग उडालेला. देखणी अजिबात नव्हती. पुंडलिक वल्हवत होता, काशीबाईनं डोळे मिटले होते आणि गणपती घट्ट धरला होता. मध्याच्या पुढं, त्याच जागी, तिनं डोळे उघडले.

"अवो, पायाशी पाणी लागतंय."

पुंडलिकाचं वल्हं थांबलं. "कसलं हाय?"

"कसलं म्हंजे? पाणी!"

"रंग बघ. पांढरं हाय काय?"

काशीबाईनं मूर्ती एका हातानं छातीशी धरली, दुसऱ्या हाताची ओंजळ भरली आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग वासही घेतला. "गढूळ हाय. खाडीचंच हाय."

"मग असू दे," पुंडलिक म्हणाला आणि पुन्हा वल्हं टाकलं. होडीत थोडं पाणी येतंच. पण वाढतंय का, हे बघत काशीबाई उरलेली खाडी पायाच्या अंगठ्याकडं टक लावून बसली. ते अंगठ्यावर होतं तिथंच राहिलं.

पैलवाडीच्या काठावर सगुणा आरती घेऊन उभी होती. होडी चिखलाला टेकली आणि मूर्ती गुणाजीनं अलगद उचलून डोक्यावर घेतली, तेव्हा पहिला मोरया बायजाबाईनं केला. खाडीपल्याडून हैबतरावाचा आवाज आला, उशिरानं, वाऱ्यावर तुटत तुटत. सगुणानं भावाचे पाय धुतले, वहिनीचे धुतले, मग होडीकडं गेली. तिच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावताना खरवडलेल्या जागेवर तिचं बोट थांबलं.

"दादूस, डोळे काढलंस?"

"तुझ्या वहिनीला इचार."

"आंधळीनं आणलं व्हय रं माझ्या देवाला?"

"त्याला हायत की," पुंडलिक म्हणाला. "दोघांत मिळून दोन बस झालं."

घरी मूर्ती पाटावर बसली. रुमाल सोडला. चारही हात, सगळी बोटं शाबूत. पुंडलिकानं ती मोजल्यागत बघितली आणि मग पहिल्यांदा भिंतीला टेकून बसला. तोवर ओहोटी लागली होती. होडी चिखलावर कलंडून पडली होती आणि पुढच्या भरतीशिवाय दोघांना परत जायला वाट नव्हती. सगुणाला तेच हवं होतं.

देव्हाऱ्यापाशी एका ताटलीत तांदूळ पसरून ठेवलेले पुंडलिकाला दिसले. तांदळावर सुपारी. म्हातारीनं बाजारातून गणपती काही सांगितला नव्हता. पण होडीवर तिचा भरवसाही नव्हता, म्हणून ह्या सालीसुद्धा तयारी करून ठेवली होती. पुंडलिक बघतोय हे बायजाबाईनं बघितलं. ती उठली, तांदूळ परत मडक्यात ओतले, सुपारी उचलली आणि कनवटीचा अडकित्ता काढला.

"घे रं," तिनं सुपारी कातरून अर्धी पानात घालून त्याच्यापुढं धरली. "हिचं आता काय काम?"